यादीतली तिसरी बाई

लास वेगास, ३ ऑगस्ट १९७९
आले एकदाची! ऊन असं की डोळे उघडवेनात, पण समोर पलोमा रॉयल दिसलं आणि शीण पळाला. काय ते हॉटेल! जुगाराचं दालनच आमच्या एल्को गावच्या शाळेच्या मैदानाएवढं. आधी हे शिकागोच्या एका ट्रकवाल्याचं, मग विमान कंपनीचं, मग टेक्ससच्या तेलवाल्याचं. आता न्यू जर्सीची कंपनी घेतेय. मालक बदलला की गणवेश बदलतात, म्हणून माझ्यासारख्या शिवणारणीला दोन आठवड्यांचं काम. २५ तारखेला रूथीचं लग्न. लेकीच्या झग्याच्या बाह्या मीच लावणार, त्यामुळे वेळेत परतायचंच.

५ ऑगस्ट
शिवणखान्यात बर्निस आणि इओला, दोघी ट्रकवाल्याच्या काळापासूनच्या. बर्निसनं मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, एल्कोत मेंढ्यांचे कपडे शिवायचीस काय गं? म्हटलं, हो, मेंढ्या निदान मापाला गुमान उभ्या राहतात. इओला फिसकन हसली. बर्निसनं माझी कात्री उचलून स्वतःच्या खणात टाकली. खडूस म्हातारी!

९ ऑगस्ट
नव्या मालकाचा माणूस मोजदाद करायला आला होता. विक्रीच्या कागदाला यादी जोडलेली असते आणि यादीत आहे ते सगळं जागेवर भरावं लागतं. त्यानं वाचलं: शिवणखाना, यंत्रं चार, टेबलं दोन, बायका तीन. मी म्हटलं, अहो, मी चार दिवसांची पाहुणी. त्यानं मानसुद्धा वर केली नाही, यादीवर खूण केली नि गेला. मग इओलानं सांगितलं, यादीतली तिसरी होती माव्हिस, जूनमध्ये वारली. आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं तर बर्निस म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?

१६ ऑगस्ट
काल सह्या झाल्या. माझं काम संपलं. बॅग घेऊन निघाले, फाटकापाशी पाय थबकले. रेटले तरी हलेनात. मग आपोआप मागे वळले आणि मी पुन्हा यंत्रापुढे. इओला रडत म्हणाली, दमू नकोस बाई, मी पंचावन्न सालापासून करून पाहिलंय.

२१ ऑगस्ट
रोज फाटकापर्यंत जाते. रोज परत. भूक लागत नाही. मला फार भीती वाटते.

२५ ऑगस्ट
आज रूथीचं लग्न. बाह्या कुणी लावल्या—

२९ ऑगस्ट
न्यू जर्सीवाल्यांना सरकारनं जुगाराचा परवाना नाकारला. हॉटेल पुन्हा विकलं. यादी तीच.
आवाज गेलाय माझा. बर्निस म्हणते, पहिल्या वर्षी सगळ्यांचाच जातो, टेबलं बोलतात का कधी?

३१ ऑगस्ट
इओला यंत्रावरच डोकं टेकून गेली. उद्या मोजदाद. बर्निस सारखी दाराकडे बघते—

१ सप्टेंबर
रूथी आलीय. मला शोधत. लग्न लांबणीवर टाकलंय म्हणते, आईशिवाय नाही—
बर्निस गोड हसतेय. बस गं पोरी, दमली असशील, म्हणतेय. इओलाची खुर्ची पुढे—
रूथी, हे वाच. बसू नकोस. पळ. मोजदादवाला आलाय, मोजतोय— एक झाली— दोन— रूथी, वहीकडे बघ, ति