नव्या मुलींची सोबतीण

अहमदनगर,
शनिवार, ता. ४ मे १९४६

प्रिय पुष्पाअक्का हिस,
मरियमचा सप्रेम सलाम.

इकडे सर्व बरे आहेत. ऊन फार आहे. वॉर्डाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले आहेत. रंगुबाई दिवसभर त्यांवर पाणी मारते आणि म्हणते, “मानसापरीस ह्या पडद्यांचीच सेवा लई झाली.” बाबांचे गुडघे दुखतात, पण शाळा सुटत नाही. तुझं नाताळचं कार्ड मिळालं होतं. दोनच ओळी होत्या. मी तरी कुठे जास्त लिहिते? तीन वर्षं तुला हवापाणीच कळवत आले.

बातमी अशी की जूनमध्ये आठ नव्या मुली नर्सिंग शिकायला येणार आहेत. एवढ्या एकदम कधी आल्या नव्हत्या. मेट्रनबाईंनी आम्हा सगळ्यांना एकेक करून बोलावलं आणि विचारलं, “ह्यांची सोबतीण कोणाला करू? हुशार कोण ते विचारत नाही. तुमची धाकटी बहीण असती तर कोणाच्या हाताखाली दिली असती, ते सांगा.”

माझी पाळी शेवटी होती. मी आत गेले तर त्या हसत म्हणाल्या, “तुला विचारायचं काही उरलंच नाही. सगळ्यांनी तुझंच नाव घेतलं. तुझ्या वहीत एक चूक नाही.”

मी “विचार करून सांगते” म्हणाले आणि बाहेर आले. रोझी दारातच होती. म्हणाली, “काय गं, बढती मिळाली तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं?”

त्या रात्री काही झोप आली नाही. सोबतीण म्हणजे कशी असावी, ते मी मनाशी मांडू लागले आणि दर वेळी तूच समोर आलीस. तू माझी सोबतीण होतीस, पण माझ्यापुढे कधी चालली नाहीस. अर्धं पाऊल मागे असायचीस, म्हणजे पेशंटला वाटावं की हीच सगळं करते आहे. काय करायचं ते सांगायची नाहीस, विचारायचीस, “आता काय करशील?” आणि मला सुचेपर्यंत थांबायचीस. इमामबीच्या पायाची पहिली पट्टी मी सोडली तेव्हा ती ओरडली, “बेटी, तुझा हात किती कापतोय!” तू चटकन म्हणालीस, “तिचा न्हाई इमामबी, माझा धक्का लागला.” धक्का कसला! तू पलंगाच्या पलीकडे होतीस.

तुझ्यासारखं अजून मला कोणी विचारलेलं नाही, अक्का. आता सगळ्याजणी मलाच विचारायला येतात.

आता जे लिहायचं ते लिहिते. वाचून पत्र फाडलंस तरी चालेल.

त्या दिवशी जेवायला जाताना तू म्हणालीस, “ट्रेमधलं सगळं उकळून ठेव.” घरी बाबांनी मला दहा वर्षांची होईपर्यंत ओट्यावर बसवून शिकवलं. सांगितलेलं काम अर्धं करणं त्यांच्याकडे खोटं बोलण्याइतकंच वाईट होतं. ट्रेच्या कडेला फडक्याखाली सहा थर्मामीटर होते. ते मला दिसले. एकदा मनात आलंही की हे कसे उकळायचे? पण ‘सगळं’ म्हणजे सगळं. मी ते पाण्यात सोडले. सहाही फुटले, पारा भांड्याच्या तळाशी गोळा झाला. लढाईचे दिवस, विलायतेहून माल बंद. पुढे चार महिने सबंध वॉर्डाचा ताप एकाच थर्मामीटरवर पाहिला.

मेट्रनबाईंनी विचारलं, “कोणी केलं?” तू म्हणालीस, “मी.” मी तुझ्याशेजारी उभी होते.

तुला ऑपरेशनच्या वॉर्डात घेणार होते ते राहिलं. महिन्याच्या आत तुला पुणतांब्याच्या दवाखान्यावर पाठवलं. मी स्टेशनवरही आले नाही. मनाला सांगत राहिले की आपल्याकडे नियमच आहे, पहिल्या तीन महिन्यांत नव्या मुलीच्या हातून जे बिघडेल ते सोबतिणीच्या वहीत लिहायचं. अक्काने नियमच पाळला, मी काय वेगळं केलं?

अक्का, मी एक मार्चला हजर झाले होते. तो दिवस दोन जूनचा होता. तीन महिने संपून गेले होते. हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. त्याच आठवड्यात मला ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं, हेही.

गुरुवारी मी मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कपाटातून तुझी वही काढली, थर्मामीटर फुटल्याची ओळ खोडून बाजूला सही केली, आणि तीच ओळ माझ्या वहीत लिहिली. मग म्हणाल्या, “पुष्पावतीने परत वॉर्डात घ्या म्हणून तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा मी ह्याच ओळीवर बोट ठेवून नाही म्हटलं.”

तीनदा. आणि मला पाठवलेल्या कार्डात तू लिहायचीस, ‘इथे गोदावरीचा वारा छान आहे.’

ह्या वर्षी मी सोबतीण नाही, हे त्यांनी ठरवलं. मग कोण, असं विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “बोलावते. पण आता तिने यावं असा हक्क आपल्याला राहिलाय का, हे तूही विचार कर.” त्यांचं पत्र सोमवारी निघेल. त्याआधी माझ्याकडून तुला कळावं म्हणून घाईने लिहिते आहे.

तू आलीस तर दवाखान्यावर दुसरी नर्स लागेल. ती जागा मी मागितली आहे आणि मिळाली आहे. म्हणजे वॉर्डात तुला माझं तोंड पाहावं लागणार नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. त्या आठ मुलींसाठी ये. त्यांतली एखादी माझ्यासारखी भित्री असेल.

एवढंच, की जुन्या नर्सने जाण्याआधी नवीला तिथलं काम समजावून द्यायचं असतं. मेट्रनबाई म्हणाल्या, दुपारपर्यंत होईल, संध्याकाळच्या गाडीने तिला निघता येईल. मी पूर्ण एक दिवस मागून घेतला आहे. त्या दिवसात तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस तरी मी तक्रार करणार नाही. चुकले तर मोठ्याने चुकले म्हण, कोणासमोरही.

पुणतांब्याला नव्याने हजर होऊ इच्छिणारी,
तुझी
मरियम