एकशे दोनांतलं एक

११ जानेवारी १८७१, म्युनिक
आजपासून आम्हा निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या सभागृहात चर्चा सुरू. बव्हेरियानं प्रशियावाल्यांच्या साम्राज्यात जायचं की नाही — दोन तृतीयांश मतं लागतात. मी गावाला शब्द देऊन आलोय, 'नाही'च म्हणणार. निघताना गुत्त्याचा मालक पोंग्राट्झ सगळ्यांदेखत म्हणाला, "कोर्बिनियान, शब्द फिरवलास तर तुझा बिअरचा मग खुंटीवरून खाली." गुत्त्यात आपल्या माणसांचेच मग टांगतात; माझा तिथं एकवीस वर्षं आहे. नुसती गंमत नव्हती ती.

१४ जानेवारी
बायकोचं, वालबुर्गाचं पत्र. आमच्या फाइटची सहा आठवडे खबर नाही. पॅरिसला वेढा घातलेल्या फौजेत आहे, एवढंच. "तुमचं राजकारण घाला चुलीत. माझा पोरगा घरी आणा."

१९ जानेवारी
काल व्हर्सायमध्ये साम्राज्याची घोषणा झालीसुद्धा. आम्ही इथं अजून भाषणंच ठोकतोय!

बर्लिनच्या त्या चॅन्सलरची कमाल आहे. आधी लढाई, नंतर 'प्रशियाच्या राजानं सम्राट व्हावं' असं आमच्या राजाच्या सहीचं पत्र, नंतर मुकुट — आणि सगळ्यात शेवटी आम्ही. लोक म्हणतात, त्यानं देश एक केला. मला वाटतं, त्यानं आमच्यापुढं 'होय'शिवाय काही उरूच दिलं नाही. नेतृत्व म्हणतात ते हेच असेल, तर मी इथं कशाला बसलोय? राग येतो. पण फाइट त्यांच्याच सैन्याबरोबर थंडीत उभा आहे. मी 'नाही' म्हटलं तर त्याला तिथं एकटं पाडल्यासारखं होईल.

२१ जानेवारी
नाव पुकारलं. उभा राहिलो. "होय."
एकशे दोन विरुद्ध अठ्ठेचाळीस. शंभर हवी होती.

२५ जानेवारी, घरी
धीर करून गुत्त्यात गेलो. माझा मग खुंटीलाच होता. पोंग्राट्झनं तो भरून समोर आदळला. "पोरासाठी केलंस ना? पी आता. मीही तेच केलं असतं." मला रडू आलं. किती दिवसांनी नीट झोपलो.

२ फेब्रुवारी
फाइटचं पत्र आलं. सुखरूप आहे पोरगा. नऊ जानेवारीला म्युनिकच्या पत्त्यावर लिहिलेलं; मी निघाल्यावर तिथं पोचलं आणि माझ्यामागे इथं आलं. "बाबा, माझ्याकडे बघून मत देऊ नका. 'नाही' म्हणा. नाहीतर पुढच्या लढाईत उतरायचं की नाही, हे बव्हेरियाला कुणी विचारणारही नाही. इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझे बाबा शब्दाचे पक्के."

संध्याकाळी जाऊन माझा मग मीच खुंटीवरून काढून घरी आणला.