फौजदारचा रिकामा पट्टा

ता. २

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

आठ तारखेपासून तुमच्याकडे उत्सव, म्हणजे चार दिवस फटाके. वॉर्डातल्या ड्यूटीमुळे मला येता येत नाही, म्हणून लिहितेय. आपला कुत्रा नावापुरताच फौजदार. गेल्या वर्षी पहिल्याच आवाजाला दार कुरतडून तोंड रक्तबंबाळ करून घेतलं होतं त्याने. या वेळी त्याला दिवसाउजेडी फिरवून आण, मग मधल्या खोलीत ठेव, खिडक्या लाव, रेडिओ चालू राहू दे. गळ्यातला पट्टा सैल झालाय तो आवळ, त्यावर आपला फोन नंबर लिही. आणि त्याला धीट करायला जाऊ नकोस! बाबा गेल्यापासून आई आपल्याशी कामापुरतं बोलते, त्याच्याशी मात्र दिवसभर. एवढं ध्यानात ठेव.

तुझ्या शिवणयंत्राला थोडी विश्रांती दे. लोभ आहेच, तो टिकवणं तुझ्या हातात.

ताई

ता. ९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायची हिंमत होईना. फौजदार काल संध्याकाळपासून सापडत नाही. शिवलेले कपडे न्यायला गिऱ्हाइकांची रीघ लागली होती. पट्ट्यावर नंबर लिहिला, पण आवळायचा राहिला. वर मीच शहाणपणा केला. सवय झाली की भीती जाईल म्हणून त्याला चौकात नेलं. पहिलाच बार उडाला आणि नंबरासकट रिकामा पट्टा माझ्या हातात राहिला. आईला थाप मारली, की पोट बिघडलंय म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलाय. तिने त्याची चादर धुऊन वाळत घातली आहे. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण आता काय करू ते सांग.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नसलेला,
ठोंब्या

ता. ११

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

शिव्या भेटल्यावर देईन. आधी आईला आजच्या आज खरं सांग. जनावरांच्या दवाखान्यांत विचार. घाबरलेलं कुत्रं बहुधा जवळच दडून बसतं, म्हणून सकाळी सगळं शांत असताना शोध. दिसला तर हाका मारत धावू नकोस, खाली बस. काल मी एकाच रुग्णाचा ताप तीनदा मोजला, आकडा डोक्यात राहीना.

रागावले आहे, तरी तुझीच,
ताई

ता. १७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फौजदार सापडला. आईला खरं सांगितलं, तशी ती चपला घालून माझ्या आधी बाहेर पडली. बाबांनंतर पहिल्यांदाच. तीन सकाळी आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. काल वखारीमागच्या पाइपात त्याचे डोळे दिसले. तू सांगितलेलं विसरून मी धावलो, तसा तो आणखी आत सरकला. आईने मला मागे ओढलं, तिथेच भुशात बसली आणि घरातला कुठला नळ गळतोय, ऊन कुठवर येतं, असलं काहीबाही त्याला सांगत राहिली. तासाभराने तो सरपटत बाहेर आला.

पंजाला टाके पडलेत. खातो, पण माझ्या हातून नाही. मी दिसलो की आईमागे जातो. आज मी हिरमुसलो, तेव्हा आई म्हणाली, त्याला थोडा वेळ दे. मग म्हणाली, मलाही दे.

राग असू दे, त्यातच थोडा लोभही असू दे.

ठोंब्या