माझा मेंदू तुला चालणार नाही

प्रिय धाकटे,

काही मिनिटांनीच का होईना, मी थोरली आहे, म्हणून आधी आशीर्वाद घे.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. आज मात्र काही सुचत नाही. दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा ओट्यावरच विसरले.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. म्हणे, "मला त्या मशीनची भीती वाटते. तूच तुझ्या मेंदूचा फोटो काढून पाठव, ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना काय कळणार?"

अगं, शाळेत तुझं इंजेक्शन मी घेतलं ते खपून गेलं, कारण चेहरे सारखे होते. मेंदूच्या घड्या तशा नसतात. इथल्या प्रयोगशाळेत दिवसभर त्याच तर रेखाटते मी. परवा इथे जुळे भाऊ आले होते. समोर बसले तेव्हा आमचा गोंधळ उडाला, फोटोत नाही. मोठ्या घड्या साधारण जागच्या जागी, पण बारीक वळणं ज्याची त्याची. माझा नकाशा घेऊन डॉक्टर तुझ्या डोक्यात शिरले तर? नको बाई!

मशीनमध्ये काही दुखत नाही, ते नुसतं पत्रा बडवल्यासारखं वाजतं. बाहेरच डोळे मिट आणि मग आत जा. परत फिट आली का गं? आईला सांगितलंस का?

खरं सांगू? पत्र वाचून मी आमच्या मशीनमध्ये जाऊन पडलेच. फोटो समोर आहे. केव्हाची शोधतेय, त्यात तू कुठेच नाहीस.

या वेळी तुझ्याऐवजी जाऊ न शकणारी,
तुझी थोरली