भिंतीला पाच जण

१४ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारचे साडेतीन. बटाट्याची सालं टाकून, हात धुऊन लिहायला बसलो आहे.

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भाऊजी आणि चिमी खुशाल असाल. मी बरा आहे. शिकणं नीट चाललंय, सूप आता करपत नाही. तुरुंगातून सुटलेल्यांना स्वयंपाक शिकवणारं आमचं हे हॉटेल येत्या रविवारी पहिल्यांदा गिऱ्हाइकांसाठी उघडणार आहे.

आज सकाळचं सांगतो. मोठी सुरी जागेवर नव्हती. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात सुरी साखळीला बांधलेली असायची. एक जरी कमी दिसली तरी झडती. इथे कुणी काही म्हणालं नाही, तरी आम्ही पाचही जण आपोआप भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. खिसे उलटे. काल सुरी शेवटी मीच वापरली होती.

तेवढ्यात आम्हाला शिकवणाऱ्या बाई मागच्या दाराने आल्या. हातात तीच सुरी. धार लावायला नेली होती.

"हे काय, फोटो काढायचाय?"

आमच्यातला म्हातारा हळूच म्हणाला, "झडती, बाई."

त्यांनी आमच्या उलट्या खिशांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अस्सं. आणि कांदे कोण चिरणार, माझे सासरे?"

आधी म्हातारा हसला, मग सगळेच. बाईंनी सुरीची मूठ माझ्याकडे करून ती माझ्या हातात दिली. "धार बघ. आणि वस्तू सापडली नाही तर शोधायची. उभं राहायचं नाही."

पोतंभर कांदे चिरले, ताई. इतकं हलकं मला सुटलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

चिमीला मामाला भेटायला आणू का, असं तू विचारलं होतंस. दोन पत्रांत मी ते टाळलं. तिच्यापुढेही मी तसाच भिंतीला लागून उभा राहीन, अशी भीती वाटत होती.

रविवारी बारा वाजता या. खिडकीजवळचं टेबल तुमच्यासाठी राखून ठेवलंय. भाऊजींना मला भेटायचं नसेल तर नुसतं जेवा. मी स्वयंपाकघरातच असेन. ताटं परत आली की मला कळेल.

तुझा,
धाकटा

ता. क. हिशेब: पाकीट-तिकीट वीस. तीन जेवणांचे सहाशे, माझ्या पगारातून आगाऊ भरले. देणं: भाऊजींनी वकिलाला दिलेले, अजून सहा हजार. जेवणाचे त्यातून वजा करायचे नाहीत, असं त्यांना सांग. तो पाहुणचार आहे.