समरकंदच्या पायऱ्या

मिरकाब, ९ एप्रिल १९८३

समरकंद मी पाहिलेलंच नाही. विमान बिघडलं म्हणून ताश्कंदच्या विमानतळावर चार तास बसलो होतो, एवढंच. तरी हॉस्पिटलात दोन वर्षं समरकंद फिरून आल्याचा रुबाब मारतोय.

आज एक्स-रेतले हसनभाई वही घेऊन घरी आले. अम्मीला घेऊन समरकंदला निघालेत. स्वेटर न्या, साबण न्या, मी सांगत गेलो, ते उतरवत गेले.

"तिथं पायऱ्या किती? अम्मीचे गुडघे गेलेत."

"पायऱ्या नाहीतच," मी ठोकून दिलं. माहीत नाही म्हणायला जीभ का रेटली नाही?

पायऱ्या नाहीत, हे त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. "मग काठी इथंच ठेवू ना?"

मी मान डोलावली. निदान काठी तरी न्या, एवढंही तोंडातून फुटलं नाही.