निळी टाकी, पास की नापास

अण्णा, करोल बागेतल्या एका गल्लीत जुना कॉम्प्रेसर बघून आले आणि तेव्हापासून तुमचा राग राग येतोय. माणूस जाऊन इतकी वर्षं झाल्यावर त्याच्यावर रागवायचं म्हणजे जरा अतीच, हे मला कळतं. पण घरात रागवण्यासारखं दुसरं कुणी नाही. तुमचे जावई सगळ्याला हो म्हणतात. अशा माणसावर रागवून काय मिळणार?

आधी गॅरेजचं सांगते. आम्ही गुडगावला घर बांधलं. हो, तिथेच. तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी सोसायटी काढून प्लॉट घेतले आणि तुम्ही "तिथे ना वीज ना पाणी, कोल्हे हिंडतात" म्हणून नाव नोंदवलं नाहीत, तेच गुडगाव. कोल्हे गेले, अण्णा. त्यांच्या जागी प्रॉपर्टी डीलर हिंडतात. विजेचं मात्र तुमचं खरं ठरलं. आत्ता भर दुपारी पंखा बंद आहे आणि मी खिडकीशी घाम पुसत लिहितेय. माझी सरकारी कंपनी देशाला परवडेनाशी झाली, तेव्हा तिने आम्हाला हार घालून स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा तिची, निवृत्ती आमची. घरी बसल्यावर लक्षात आलं की या वस्तीत सगळ्यांना अचानक सगळं नवं हवंय. चांगली लोखंडी कपाटं, खुर्च्या, खाटा लोक फाटकाबाहेर काढून ठेवतात. मी त्या उचलून आमच्या गॅरेजमध्ये आणल्या, घासल्या, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंगवल्या. आधी लोक हसले. मग त्यातल्याच काहींनी स्वतः टाकलेल्या खुर्च्या माझ्याकडून परत विकत नेल्या.

आता आमच्या सेक्टरमधल्या बालवाडीने बाक, घसरगुंड्या, झोपाळे, सगळंच रंगवायला सांगितलंय, उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत. नोकरी सुटल्यावरचं माझं हे पहिलं खरं काम. ब्रशने ते होण्यातलं नाही. रेघा उमटतात आणि वेळ जातो तो वेगळाच. स्प्रे गन हवी, म्हणजे तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर हवा. मुख्याध्यापिकाबाई गोड आवाजात म्हणाल्या आहेत, "देख लीजिए, नहीं तो हम पेंटर बुला लेंगे।" तर मुद्दा इतकाच आहे: कॉम्प्रेसर घ्यायचा की नाही. सरळ प्रश्न. सरळ माणसाने अर्ध्या तासात सोडवला असता. पण मी तुमची मुलगी.

आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये तुमची काय शान होती! नोकरीच मुळी माल तपासायची. आलेला माल पास करायचा किंवा नापास. ऑफिस सुटलं तरी तपासणी सुटत नसे. कॉलनीत कुणाला जुनी स्कूटर घ्यायची असो की शिवणयंत्र, आधी तुम्हाला नेत. तुम्ही कान लावायचात, नखाने खरवडायचात, बोटाचा वास घेऊन ते पुसायचात आणि म्हणायचात, "नको." घ्यायला आलेला माणूस आनंदाने घरी जायचा, जसा काही दरोड्यातून वाचला. पाहुणे आले की आपण पानिपतला जायचो. दिल्लीतला मराठी माणूस पाहुण्यांना हौसेने काय दाखवतो, तर आपण जिथे हरलो ती जागा. काला अंबच्या युद्धस्मारकापाशी सगळे गंभीर उभे राहायचे आणि परतताना बाजारात बायकांना घोंगड्या-चादरी घ्यायच्या असायच्या. तुम्ही चादर उन्हात धरायचात. "धागा विरळ आहे. नको." सदाशिवरावभाऊंच्या जोडीने आईच्या चादरीही तिथेच राहिल्या.

आणि तो फ्रिज. कुठल्याशा वकिलातीतलं कुटुंब परत मायदेशी निघालं होतं आणि घरातलं सामान विकत होतं. आई किती दिवस आधीपासून बोलत होती. स्वयंपाकघरात तिने जागासुद्धा करून ठेवलेली, पिठाचा डबा हलवून. मला आठवतंय, ती इस्त्रीची साडी नेसून त्या बंगल्यात उभी आहे, फ्रिजला हात लावत नाहीये, फक्त बघतेय. तुम्ही गुडघ्यांवर बसून दाराचं रबर चिमटीत धरता. "रबर गेलंय. हवा जाणार. नको." आई म्हणते, "अहो, रबर बदलता येईल ना?" तुम्ही म्हणता, "आज रबर, उद्या मोटर." विषय संपला. तो फ्रिज खालच्या मजल्यावरच्या पंजाबी काकूंनी घेतला. त्यांनी रबर बदललं. माझं लग्न होईपर्यंत तो चालत होता. रोज संध्याकाळी आई मला दुधाचं पातेलं घेऊन खाली पाठवायची आणि काकू म्हणायच्या, "आ जा पुत्तर, अपना ही फ्रिज समझ।" तुम्ही उन्हाळाभर ज्या बाटलीतलं गार पाणी प्यायचात, ती बाटली कुठून येते, हे तुम्ही कधी तपासलं नाहीत.

तर करोल बाग. मालकांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. ते बंद करून कॅनडाला मुलाकडे निघालेले. कॉम्प्रेसर मी बघायला आलेली, पण ते बोलत होते तुमच्या जावयांशी.

"भाईसाब, चला के दिखाऊं?"

"इनको दिखाव. मैं तो बैंक में है," जावई म्हणाले. त्यांची हिंदी अजून तशीच आहे.

"अच्छा? बहनजी चलाएंगी?"

"बहनजी ही चलाएंगी," मी म्हटलं.

"बढ़िया! भाईसाब, बहनजी को बोल दीजिए, तेल टाइम पे बदलवा लें।" मी हातभर अंतरावर उभी होते.

टाकीला ताजा निळा रंग दिलेला. तुमचं तत्त्व होतं, नवा रंग दिसला की खाली काय आहे ते आधी विचारायचं. मी स्वतः तोच धंदा करते, हे त्या क्षणी मुद्दाम विसरले. नखाने खरवडलं, खाली चांगलं, न खाल्लेलं लोखंड. टाकीच्या बुडाची चावी सोडून आतलं पाणी काढलं, कारण टाकी आतून गंजली असेल तर पाण्याबरोबर पापुद्रे येतात आणि तसली टाकी दाबाखाली फुटते. पाणी आलं ते चहाच्या रंगाचं, पापुद्रे नाहीत. सांध्यांना साबणाचा फेस लावला. कुठे बुडबुडा नाही. टाकी हवेने भरून बंद करायला लावली आणि दाबाच्या काट्यावर नजर ठेवून बसले. मालकांनी चहा मागवला. चहा संपला, काटा होता तिथेच. घरचं व्होल्टेज खाली जातं, मोटर टिकेल का, तेही विचारलं. ते म्हणाले, स्टॅबिलायझर बरोबरच देतो, मला कॅनडात काय करायचाय? शेवटी त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, "बोलिए बहनजी?"

आणि मी म्हटलं, "नको."

चक्क मराठीत. तोंडातून तुमचाच आवाज आला, घशातली खरखर धरून. त्यांना मराठी येत नव्हतं, पण अर्थ कळला. "खराबी क्या है?" त्यांनी विचारलं, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायला. मी पर्स उचलून बाहेर पडले. गाडीत जावई म्हणाले, "काय सापडलं गं?"

"काही नाही."

"मग?"

"तेच ना! काहीच सापडलं नाही."

त्यांनी गाडी चालू केली. घरी पोचल्यावर सुचवलं की नवाच घे, हप्त्यांवर. आजकाल प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे हप्ते आहेत. तुमची नात म्हणाली, "आई, घे यार. नाहीतर नको घेऊस. पण बिल्कुल पकवतेयस तू आम्हाला."

चार दिवस मी धुमसतेय. तुम्ही हुशार होतात, हात शहाणे होते, कान तर विलक्षण. मला जे काही तपासता येतं ते तुम्हीच शिकवलंत, बॅटरी धरायला उभी करून. पण एक शिकवायचं राहिलं: तपासून झाल्यावर हो कसं म्हणायचं ते. मला वाटतं, तुम्हालाच येत नसावं. ऑफिसात पास केलेल्या मालाखाली तुमची सही असायची, तो बिघडला तर तुम्हाला बोलावणं यायचं. नापास केलेल्या मालाची पुढे कुणी चौकशीच केली नाही. नाही म्हणणाऱ्याची चूक कधी सापडतच नाही, अण्णा. या एका सोयीवर तुम्ही आयुष्य काढलंत, आणि वर आम्ही त्याला सावधपणा म्हणत आलो. प्लॉट नाही, फ्रिज नाही, चादर नाही. आईच्या वाट्याला आली फक्त तुमच्या नजरेची कीर्ती.

एवढं लिहून मघाशी उठले आणि दुकानात फोन लावला. मालकांनीच उचलला. मी म्हटलं, कॉम्प्रेसर पाठवून द्या. ते म्हणाले, "अब खराबी ठीक हो गई, बहनजी?" आणि मोठ्याने हसले. टेम्पो संध्याकाळपर्यंत येईल. उद्या बालवाडीतले पहिले बाक घेऊन येईन, वीज असेल तेव्हा रंगवीन.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच; टेम्पोची वाट बघता बघता लिहिला. फक्त एक राहिलं. पलीकडे फोनची घंटी वाजत होती, तेव्हा मी रिसीव्हर घट्ट धरून मनात म्हणत होते, विकला गेला असू दे, विकला गेला असू दे.